उपमा, तश्बीह आणि सिमिली

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेचे रसग्रहण येते. शीर्षक, कवी, यमकरचना, मध्यवर्ती कल्पना आणि त्यांच्या जोडीला एक मुद्दा ठरलेला असतो: कवितेतले ‘फिगर्स ऑफ स्पीच’. लातूर विभागीय मंडळाच्या लातूर, नांदेड आणि धाराशिव या जिल्ह्यांतली बरीच मुले हा मुद्दा पाठांतरावर निभावून नेतात. सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन, ॲलिटरेशन, हायपरबोली, अपॉस्ट्रफी, ऑनोमॅटोपिया, ट्रान्सफर्ड एपिथेट, इन्व्हर्जन अशी गाइडमध्ये यादी असते. प्रत्येक नावापुढे एका ओळीची व्याख्या, एक उदाहरण. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावात इंग्रजी वर्गाबाहेर फारशी कानावर पडत नाही. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तांड्यावर गोरमाटी, कुणाच्या मोहल्ल्यात उर्दू. तिथे ही नावे तोंडात बसेपर्यंतच वर्ष संपते आणि त्यांचा अर्थ मनात उतरायचा राहून जातो.

गंमत म्हणजे त्याच दप्तरात मराठीचे पुस्तक असते आणि त्यात उपमा, रूपक, अनुप्रास, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती शिकवलेली असते. मराठीच्या तासाला शिकलेले इंग्रजीच्या तासाला मात्र कोणी आठवून देत नाही. मुलाला वाटते, हा वेगळाच विषय आहे आणि आपण शून्यापासून सुरुवात करतो आहोत. ही समजूत चुकीची आहे. नांदेड-लातूरच्या या पट्ट्यात भाषेच्या खुब्यांना नावे देण्याचे, त्यांची वर्गवारी लावण्याचे काम हजार-अकराशे वर्षांपासून चालत आले आहे, आणि तेही एकाच भाषेत नाही.

राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. मुखेडच्या शेजारच्या कंधारला या राजवटीच्या खुणा अजून दिसतात; तिथल्या तलावाचे जगत्तुंग सागर हे नावही राष्ट्रकूटांच्या बिरुदावरून आलेले आहे. याच घराण्यातल्या अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारात नवव्या शतकात ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ तयार झाला. कन्नडमध्ये आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना ग्रंथ. तो राजाची कथा सांगायला किंवा देवाची स्तुती करायला लिहिलेला नाही. चांगले लिहावे कसे, हाच त्याचा विषय. पहिल्या भागात लेखनातले दोष, दुसऱ्यात शब्दालंकार, तिसऱ्यात अर्थालंकार. दंडीच्या ‘काव्यादर्श’ या संस्कृत ग्रंथाचा त्याला मोठा आधार आहे. कन्नडांचा देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरला आहे, असे हा ग्रंथ सांगतो. म्हणजे गोदावरीच्या दक्षिणेचा मुखेड-देगलूरचा टापू त्या हद्दीच्या आतच येतो. दोष आधी आणि अलंकार नंतर, हा त्याचा क्रम आजच्या लेखनवर्गांनीही उचलावा इतका शहाणपणाचा आहे.

दुसरा प्रवाह संस्कृतचा. नांदेडचे शेष घराणे पुढे काशीला गेले आणि तिथल्या व्याकरणविद्येचा कणा बनले. शेषकृष्ण हे भट्टोजी दीक्षितांचे गुरू. शेषकृष्णांचे पुत्र वीरेश्वर यांच्याकडे जगन्नाथ पंडित शिकले. जगन्नाथांचा सतराव्या शतकातला ‘रसगंगाधर’ हा संस्कृत काव्यशास्त्रातला शेवटचा थोर ग्रंथ मानला जातो, आणि उपमा म्हणजे नेमके काय, यावर त्यात बारीक खल आहे. गोदाकाठच्या एका घराण्याची शिकवण अशी फिरून अलंकारशास्त्राच्या शिखरापर्यंत पोचली. यमकांच्या हौसेमुळे ‘यमक्या’ म्हणून ओळखल्या गेलेल्या वामन पंडितांनाही परंपरा याच शेष घराण्याशी जोडते.

तिसरा प्रवाह उर्दूचा. १८८४ पासून उर्दू ही हैदराबाद संस्थानाची राजभाषा होती. १९१७ साली तिथे भाषांतरासाठी दारुल तर्जुमा स्थापन झाला आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त होईपर्यंत मराठवाड्यातल्या ज्यांनी उर्दूतून उच्च शिक्षणाची वाट धरली, त्यांच्या अभ्यासात उपमेचे नाव तश्बीह होते आणि रूपकाचे इस्तिआरा. अतिशयोक्तीला मुबालगा म्हणत. या भागातल्या उर्दू शाळांमध्ये ही नावे आजही शिकवली जातात. मुखेडच्या एखाद्या वर्गात उपमा जाणणारा मुलगा आणि तश्बीह जाणणारी मुलगी असणे अगदी शक्य आहे. दोघांनाही सिमिली एकाच दिवशी कळू शकते.

या इंग्रजी नावांचा धसका घेण्याचेही कारण नाही, कारण ती इंग्रजांनाही परकीच होती. मेटॅफर, हायपरबोली, सिनेक्डकी, आयरनी ही सगळी ग्रीक नावे, लॅटिनमधून इंग्रजीत आलेली. १५८९ साली लंडनमध्ये ‘द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी’ हा ग्रंथ छापला गेला. तो जॉर्ज पुटनम यांचा मानतात. ग्रीक नावे आपल्या वाचकांच्या पचनी पडणार नाहीत, या काळजीने लेखकाने प्रत्येक अलंकाराला साधे इंग्रजी नाव देऊन पाहिले. आयरनीला तो ‘कोरडी थट्टा’ अशा अर्थाचे नाव देतो, हायपरबोलीला ‘मोठ्याने खोटे बोलणारा’ असे. ती नावे टिकली नाहीत आणि ग्रीक नावेच राहिली. म्हणजे सिनेक्डकी हा शब्द पाठ करताना लंडनच्या मुलालाही जीभ वळवावी लागते.

आता प्रत्यक्ष अलंकारांकडे. सुरुवात उपमेपासूनच करावी, कारण तिथे मराठी विद्यार्थ्याची तयारी सर्वांत पक्की असते. शाळेत त्याने उपमेचे चार भाग शिकलेले असतात: ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, दोघांत सारखा असलेला साधारण धर्म, आणि सारखा, जसा, प्रमाणे, परी असा साम्यवाचक शब्द. ‘उन्हाळ्यात विहिरीचा तळ जुन्या भांड्यासारखा काळवंडला’ या वाक्यात तळ हे उपमेय, भांडे हे उपमान, काळवंडणे हा साधारण धर्म आणि ‘सारखा’ हा साम्यवाचक. एवढे ज्याला वेगळे करता येते, त्याला सिमिली ओळखणे अवघड नाही. तिथे ‘सारखा’च्या जागी ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ येतो, इतकेच.

इंग्रजी समीक्षेला मात्र हे भाग नावानिशी वेगळे करायला विसावे शतक उजाडावे लागले. केंब्रिजचे समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९३६ सालच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ रेटरिक’ या पुस्तकात मेटॅफरच्या दोन अंगांना ‘टेनर’ आणि ‘व्हेइकल’ अशी नावे दिली, आणि दोघांतल्या साम्याच्या आधाराला ‘ग्राउंड’ म्हटले. टेनर म्हणजे जवळपास उपमेय, व्हेइकल म्हणजे उपमान, ग्राउंड म्हणजे साधारण धर्म. रिचर्ड्‌स यांचे काम नवे नव्हते, असा याचा अर्थ नाही. दोन अंगे एकमेकांवर कशी काम करतात, त्यांच्यातल्या साम्याइतकाच त्यांच्यातला फरकही अर्थ कसा घडवतो, यावर त्यांनी नवा प्रकाश टाकला. पण बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या विद्यार्थ्यासमोर हे शब्द पहिल्यांदा येतात, तेव्हा आठवी-नववीतल्या मराठीच्या वहीची आठवण त्याला कोणीतरी करून द्यायला हवी.

नांदेडला अशी आठवण करून देणारा एक माणूस होता. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) पीपल्स कॉलेजात शिकवत आणि पुढे तिथेच प्राचार्य झाले. त्यांनी एकीकडे भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिले आणि दुसरीकडे रिचर्ड्‌स यांच्या कलामीमांसेवर मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. नांदेडात बसून भरत आणि केंब्रिज हे दोन्ही एकाच टेबलावर ठेवणारा हा प्राध्यापक म्हणजे या प्रकरणाला हवा असलेला पुरावाच आहे. संस्कृत शास्त्र श्रेष्ठ की पाश्चात्त्य, या वादात वेळ न घालवता दोन्हीकडची हत्यारे तपासून घ्यायची, ही त्यांची रीत. अलंकारांच्या अभ्यासाला तीच सोयीची आहे.

कारण दोन्हीकडची नावे नेहमी एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, आणि परीक्षेत गुण जातात ते नेमके तिथे. पहिली फट उत्प्रेक्षेची. मराठीत ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ आले की मुले उत्प्रेक्षा म्हणून मोकळी होतात, आणि ते बरोबरच असते. इंग्रजीत मात्र उत्प्रेक्षेसाठी वेगळी खोली नाही. ‘ॲज इफ’ किंवा ‘ॲज दो’ असलेली कल्पना शाळेच्या पातळीवर सिमिलीतच जमा होते. मराठीतला फरक मनात असलेला विद्यार्थी तिथे अडखळतो. उपमा नाही तर मग मेटॅफर असेल, असा तर्क करतो आणि चुकतो.

दुसरी फट उलट दिशेची आहे. इंग्रजी मेटॅफरचा पसारा मराठी रूपकापेक्षा कितीतरी मोठा. शालेय रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही डोळ्यांसमोर लागतात: ‘मोंढा म्हणजे रणांगण’. मेटॅफरमध्ये उपमेय गायब असले तरी चालते, इतकेच काय, सगळी तुलना एका क्रियापदात दडलेली असली तरी चालते. ‘सोयाबीनचे भाव पेटले’, ‘बातमी गावभर धावली’, ‘त्याचा आवाज गोठला’ या वाक्यांना मराठीचा विद्यार्थी अलंकाराचे नाव देणार नाही; फार तर लाक्षणिक अर्थ म्हणेल. इंग्रजीच्या उत्तरात ती सरळ मेटॅफर. जुन्या संस्कृत शास्त्रात उपमानाने उपमेय गिळून टाकले की त्याला अतिशयोक्तीचा एक प्रकार मानत; शाळेतल्या अतिशयोक्तीशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. म्हणून लक्षात एवढेच ठेवावे, की रूपक असेल तिथे मेटॅफर असतोच, पण मेटॅफर असेल तिथे रूपक असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट फटीची नाही, घाईची आहे. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसला की सिमिली, हा नियम घातक आहे. ‘माझी बहीण माझ्याइतकीच उंच आहे’ यात तुलना आहे, उपमा नाही, कारण दोन्ही बाजूंना एकाच जातीच्या गोष्टी आहेत आणि कल्पनेला काही काम नाही. आपल्या शास्त्रकारांनीही उपमेत चमत्कृती हवी, असा आग्रह धरला आहे. इंग्रजीतही निकष तोच. बहीण उसासारखी उंच वाढली, असे कोणी म्हटले तर कल्पना जागी झाली, तिथे सिमिली आली.

आवाजाच्या अलंकारांत मराठी मुलांची एक वेगळीच फसगत होते, आणि तिचे मूळ देवनागरीच्या चांगुलपणात आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार बहुतांशी हातात हात घालून चालतात. त्यामुळे अनुप्रास डोळ्यांनी शोधता येतो: एकच अक्षर पुन्हा पुन्हा दिसले, झाला अनुप्रास. इंग्रजीत डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही ‘सी’ अक्षराने सुरू होतात, पण तिथे ॲलिटरेशन नाही. ‘फोन’ ‘पी’ने सुरू होतो आणि ‘फॉग’ ‘एफ’ने, तरी तिथे आहे. ‘नी’ म्हणजे गुडघा हा शब्द ‘के’ने लिहिला जातो, पण जोडी जमवतो ‘नेक’ आणि ‘नोज’ यांच्याशी. ओळ मोठ्याने वाचल्याशिवाय ॲलिटरेशन ठरवू नये. वर्गात एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकावे, ही यावरची सर्वांत स्वस्त आणि खात्रीची युक्ती. यमकाचेही तेच. इंग्रजीत शेवटची अक्षरे सारखी दिसूनही यमक जुळत नाही, आणि अजिबात वेगळी दिसूनही जुळते. यमकरचनेला ए-ए-बी-बी अशी अक्षरे द्यायची ती कानाच्या साक्षीने.

यमक या नावाखाली मराठीत दोन गोष्टी नांदतात, हेही इथे सांगायला हवे. शाळेत यमक म्हणजे ओळींच्या शेवटी जुळणारा उच्चार. संस्कृत शास्त्रात यमक म्हणजे तोच अक्षरसमूह वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे, आणि भरताने नाट्यशास्त्रात सांगितलेल्या चारच अलंकारांत, उपमा, रूपक आणि दीपक यांच्या जोडीला, त्याचा मान आहे. इंग्रजी ‘राइम’ शाळेतल्या यमकाला मिळते. शास्त्रातले यमक इंग्रजीत शोधायचे, तर ते पनच्या, म्हणजे श्लेषाच्या, शेजारी कुठेतरी सापडेल.

ऑनोमॅटोपियाच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे, आणि श्रीमंती कधीकधी गोंधळ घालते. कडकड, खळखळ, सळसळ, धो-धो, टपटप, कुरकुर: आवाजाची नक्कल करणारे शब्द मराठीत ढिगाने. पण चकचकीत, लखलख, गुळगुळीत, लुसलुशीत, मिणमिण हेही त्याच घडणीचे शब्द आहेत आणि त्यांत आवाज कुठेच नाही. चकाकी डोळ्यांना दिसते, गुळगुळीतपणा बोटांना कळतो. मराठी कानाला सगळे एकाच कुळातले वाटतात. ऑनोमॅटोपिया हे नाव मात्र फक्त आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांना लागते. इंग्रजीत ‘बझ’, ‘हिस’, ‘क्रॅक’, ‘मर्मर’ चालतील. ‘स्पार्कल’ चालणार नाही.

यादीतली सर्वांत रुक्ष वाटणारी आणि प्रत्यक्षात सर्वांत रोजची दोन नावे म्हणजे मेटॉनिमी आणि सिनेक्डकी. मराठीच्या अलंकारांच्या यादीत त्यांना जोडीदार मिळत नाही, म्हणून मुले ती सोडून देतात. जोडीदार आहे, तो फक्त दुसऱ्या धड्यात बसला आहे: शब्दशक्तींच्या. अभिधा, लक्षणा, व्यंजना यांतली लक्षणा ही या दोघींची आई. शब्दाचा सरळ अर्थ लागू पडत नाही म्हणून त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. ‘सारा तालुका मोर्चाला आला’ म्हणताना तालुका चालत येत नाही, तालुक्यातली माणसे येतात. ‘तहसीलनं दाखला अडवला’, ‘मंत्रालयानं फाइल परत पाठवली’, ‘दोघा भावांची चूल वेगळी झाली’: तहसील, मंत्रालय, चूल या सगळ्या मेटॉनिमी. एका गोष्टीच्या नावाने तिच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट सांगितली जाते.

सिनेक्डकी त्याच कुटुंबातली, पण नाते अंग आणि अंगी यांचे. ‘घरात खाणारी तोंडं वाढली’, ‘काढणीला चार हात कमी पडले’, ‘बाजारात शंभर डोकी होती’. तोंडे, हात, डोकी ही माणसाची अंगे आणि सांगायचा असतो अख्खा माणूस. इंग्रजीतही मजुराला ‘हँड’ म्हणतात, ते याच वाटेने. उर्दूच्या विद्यार्थ्याकडे यासाठी तयार नाव आहे: मजाज-ए-मुर्सल. शब्द मूळ अर्थ सोडून जातो, पण दोन अर्थांमधले नाते साम्याचे नसते. साम्याचे असले की तो इस्तिआरा. मेटॅफर आणि मेटॉनिमी यांच्यात फरक कोणता, या पदवीच्या वर्गात हमखास निघणाऱ्या प्रश्नाचे याहून नेटके उत्तर कुठल्याही गाइडात मिळणार नाही. मेटॅफर साम्यावर चालतो, मेटॉनिमी शेजारावर. उर्दू शाळेतून आलेल्या मुलीला हे आधीपासून माहीत असते आणि इंग्रजीच्या तासाला तिला कोणी विचारत नाही.

आयरनीला मराठी यादीत व्याजस्तुती जोडतात. वरून स्तुती, आतून निंदा. जोड खोटी नाही, पण अपुरी आहे. व्याजस्तुती हा आयरनीचा एक कोपरा झाला. जे म्हटले त्याच्या उलटे सुचवायचे, हा शाब्दिक आयरनीचा गाभा, आणि त्यात उपरोधाची सगळी रूपे येतात. शिवाय प्रसंगाची आयरनी असते: धरणासाठी जमीन दिलेल्या वस्तीवरच टँकरची वाट पाहण्याची वेळ यावी. आणि नाटकातली आयरनी असते: प्रेक्षकांना माहीत असलेली गोष्ट रंगमंचावरच्या पात्राला माहीत नसते, आणि म्हणून त्याचे साधे वाक्यही वेगळे ऐकू येते. या शेवटच्या दोन्हींत शब्दाचा अलंकार नाहीच, मांडणीचा आहे. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण प्रसंगाच्या आयरनीचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण.

विरोधाभासाचे इंग्रजीत दोन भाग होतात. दोनच शब्द एकमेकांना छेद देत शेजारी बसले की ऑक्सिमोरॉन, जसे ‘ओपन सीक्रेट’. पूर्ण विधान वरवर अशक्य वाटून आत खरे निघाले की पॅरॅडॉक्स, जसे ‘जितकी घाई करावी तितका उशीर होतो’. अँटिथेसिस तिसरीच गोष्ट. तिथे विरोध असतो पण विसंगती नसते. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ यातली दोन टोके तोलून समोरासमोर ठेवली आहेत, त्यांच्यात अशक्य असे काही नाही.

काही अलंकार चटकन उरकता येतात. हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, जशीच्या तशी. पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. क्लायमॅक्स म्हणजे सार, चढत्या पायरीने मांडणी. अपॉस्ट्रफी म्हणजे समोर नसलेल्याला किंवा निर्जीवाला उद्देशून बोलणे. रोहिणीच्या पेरणीनंतर आभाळाकडे पाहून ‘आता तरी ये रे बाबा’ म्हणणारा शेतकरी अपॉस्ट्रफीच वापरतो. त्याच नावाचे विरामचिन्ह वेगळे, एवढे ध्यानात असू द्यावे. युफेमिझम मराठीला कोणी शिकवायला नको. बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणायचे, नारळ फोडायचा तर ‘वाढवायचा’, माणूस गेला तर ‘देवाज्ञा झाली’ म्हणायचे. अशुभाला तोंडावर नाव न देण्याची ही जुनी माया आहे. ट्रान्सफर्ड एपिथेटही बोलण्यात असतेच: उपाशी असतो माणूस, आपण म्हणतो ‘उपाशी दिवस काढले’.

इन्व्हर्जनवर मात्र थोडे थांबायला हवे. मराठीत शब्दांचा क्रम सैल असतो. ‘पाऊस आला’, ‘आला पाऊस’, दोन्ही सहज बोलले जाते. कोण कर्ता आणि कोण कर्म, हे विभक्तीचे प्रत्यय सांगतात. म्हणून इंग्रजी ओळीतला उलटा क्रम मराठी मुलाच्या डोळ्यांत भरतच नाही. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म ही रांग घट्ट आहे, कारण प्रत्यय जवळजवळ नाहीतच आणि जागाच नाते सांगते. ‘द रेन केम डाउन’ ही सरळ रांग. ‘डाउन केम द रेन’ म्हटले की इंग्रजी कान चमकतो आणि जोर ‘डाउन’वर जातो. इन्व्हर्जन शोधायचे तर आधी ओळीचे साधे वाक्य करून पाहावे. सगळ्या यादीत हा एकच अलंकार असा, की तो मराठीच्या आधाराने कळत नाही. मराठीपेक्षा इंग्रजी वेगळी कशी, हे कळल्यावर कळतो.

आणि मग प्रश्न उरतो तो या सगळ्याचे निबंधात काय करायचे याचा. ‘या ओळीत सिमिली आहे’ एवढे लिहून थांबणारे उत्तर अर्धे असते. कोणत्या शब्दांत आहे ते दाखवावे, कशाची तुलना कशाशी आणि कोणत्या गुणावर ते सांगावे, आणि त्याने वाचकाच्या मनात काय उमटले ते लिहावे. उपमेचे चार भाग ज्याला पाठ आहेत, त्याच्या हातात हे उत्तर आधीच निम्मे तयार असते.

स्वतःचा परिच्छेद लिहिताना कामाला येणारा नमुनाही इथल्याच मराठीत आहे. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश अध्यापकाने १८६६ सालच्या ‘इंग्लिश कॉम्पोझिशन अँड रेटरिक’ या पुस्तकात परिच्छेदाचे नियम घालून दिले. पहिल्या वाक्याने विषय सांगावा, पुढच्या वाक्यांनी त्याला धरून राहावे, हा त्यांतला मुख्य धागा. आजही कॉम्पोझिशनच्या वर्गात तोच शिकवतात. मराठीत तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथाच्या केसोबासांनी चक्रधरस्वामींच्या निरूपणातले दृष्टांत एकत्र केले. तो ग्रंथ ‘दृष्टांतपाठ’. त्यात प्रत्येक दृष्टांताची मांडणी तीन अंगांची आहे. आधी सूत्र, म्हणजे थोडक्यात सिद्धांत. मग दृष्टांत, म्हणजे रोजच्या जगण्यातला एखादा प्रसंग. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात तो प्रसिद्ध प्रसंग त्यातलाच. शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे प्रसंग सिद्धांताला कसा लागू पडतो ते. वाक्ये छोटी, बोलल्यासारखी. विधान, उदाहरण, उलगडा: इंग्रजी परिच्छेदासाठी अमेरिकेतल्या लेखनवर्गांतही हाच साचा गिरवायला देतात.

मुखेडच्या कॉलेजातला एखादा विद्यार्थी ‘दुष्काळ’ या विषयावर इंग्रजीत परिच्छेद लिहायला बसला, तर त्याने याच क्रमाने जावे. पहिल्या वाक्यात एकच विधान: दुष्काळ आधी पाण्याला गाठतो, मग शाळेला. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात आपल्या डोळ्यांनी पाहिलेले: ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाबरोबर वर्गातली कोणती बाके रिकामी झाली. शेवटी ते विधानाशी जोडणारे एक वाक्य. यात एखादी सिमिली सुचली तर घ्यावी, पण एकच, आणि तिचे उपमान स्वतःच्या शिवारातले असावे. नाइटिंगेल आणि डॅफोडिल त्याने कधी पाहिलेले नसतात. टिटवी आणि करडईचे पिवळे फूल पाहिलेले असते, आणि ‘टिटवी’ हा शब्द इंग्रजी वाक्यात तिरक्या ठशात लिहिता येतो. मग शेजारच्याला वही द्यावी आणि परिच्छेद मोठ्याने वाचून घ्यावा. जिथे त्याची जीभ अडते ते वाक्य दुरुस्त करायचे, आणि मगच अलंकारांकडे वळायचे, ‘कविराजमार्गा’च्या क्रमाने.